महिन्याला दोन दिनार

वडिलांच्या पश्चात गावाकडच्या जमिनीवर वारसनोंद करून घ्यायची होती, म्हणून मी तलाठी कार्यालयातल्या बाकावर बसून होते. माझ्या आधीचा नंबर एका तरुण विधवेचा होता. तिच्या मांडीवर मिठाईच्या दुकानातली जाड प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात उघडझाक करून घड्यांवर फाटत आलेले कागद होते: सातबारा, आठ-अ, नवऱ्याचा मृत्यूदाखला, मुलाचा जन्मदाखला. मुलगा सात-आठ वर्षांचा असावा. तो खिडकीचे गज धरून झोके घेत होता. दीर टेबलाला रेलून उभा होता. तलाठ्याने मान वर न करता विचारले, ‘‘पोरगं अज्ञान आहे, म्हणजे अ.पा.क., अज्ञान पालनकर्ता, लावावं लागंल. कुणाचं लावू?’’ ‘‘माझंच लावा की, मी आई हाये त्याची,’’ बाई म्हणाली. ‘‘माझं लावा, भाऊसाहेब,’’ दीर म्हणाला, ‘‘तिला काय कळतंय शेतीतलं?’’ बाईने वाद घातला नाही. तिने पिशवीतून वहीचे एक दुमडलेले पान काढले आणि वाचायला सुरुवात केली: गेल्या साली त्या रानात कांद्याच्या किती पिशव्या निघाल्या, पट्टी किती आली, खताचे किती वजा झाले आणि पोराच्या नावाने तिच्या हातात किती पडले. शेवटचा आकडा वाचताना तिचा आवाज जराही चढला नाही. दीर मोबाइल पाहू लागला, आणि तलाठ्याने तिला प्रतिज्ञापत्र घेऊन पुन्हा यायला सांगितले. तिचे काम पुढे झाले की नाही ते मला कळले नाही. तो आकडा मात्र तिने ज्या सुरात वाचला, तो सूर नंतर कितीतरी दिवस कानांतून जाईना.

असाच हिशेब अधिकाऱ्यासमोर मांडणाऱ्या आणखी एका आईविषयी मी पूर्वी वाचले होते. ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मृत समुद्राच्या दक्षिण टोकाला राहत होती. तिचे नाव बाबथा, शिमोनची मुलगी. तिला लिहितावाचता येत नव्हते, पण तिने आपले सगळे कागद जपले, आणि आज आपल्याला त्या काळातल्या ज्या यहुदी बाईच्या घरात थेट डोकावता येते अशी ती जवळजवळ एकटीच आहे. राजे, याजक, संदेष्टे आणि रब्बी यांच्याविषयी ग्रंथ भरून लिहिलेले आहे. बाबथाविषयी कोणी एक ओळही लिहिली नाही. तिच्याकडे फक्त पावत्या, करारपत्रे आणि अर्ज होते.

मृत समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एन-गेदी गावाजवळ नहल हेवेर नावाची खोल, कोरडी घळ आहे. तिच्या उभ्या कड्यात मध्यावर एक गुहा आहे आणि तिथे पोहोचणे अवघड आहे. 1961 साली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांच्या पथकाला या गुहेच्या आतल्या भागात, दगडांखालच्या फटीत, बकऱ्याच्या कातड्याची एक पखाल सापडली. तिच्यात लोकरीचे गुंडे होते, बाईच्या रोजच्या वापरातल्या वस्तू होत्या आणि एक चामडी पिशवी होती. पिशवीत पपायरसचे 35 दस्तऐवज, नीट गुंडाळून ठेवलेले. काही नबाती, म्हणजे त्या भागातल्या एका अरब जमातीच्या लिपीत, काही अरामी, बहुतेक ग्रीक. महत्त्वाचे दस्त तेव्हा दोनदा लिहीत: वरचा मजकूर घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, त्या प्रत्येक गाठीपाशी मागच्या बाजूला एकेका साक्षीदाराने सही करायची, आणि खालची प्रत वाचण्यासाठी मोकळी सोडायची. खालच्या प्रतीत कोणी खाडाखोड केली, तर न्यायाधीशासमोर दोरा तोडून आतली प्रत उघडायची. बाबथाच्या काही दस्तांच्या गाठी 1,800 वर्षांनंतरही शाबूत होत्या.

तिचे गाव महोझा. सोअरच्या परगण्यातले; लोट सदोमाहून पळून ज्या गावी गेला असे उत्पत्तीच्या पुस्तकात म्हटले आहे, तेच हे सोअर. समुद्रसपाटीहून खूप खाली, उन्हाने भाजून निघणारी, पण गोड्या पाण्याच्या झऱ्यांमुळे खजुरीच्या बागांनी गच्च भरलेली ही पट्टी होती. पाण्याला जमिनीइतकीच किंमत होती. याच गावातल्या दुसऱ्या एका यहुदी बाईच्या बक्षीसपत्रात खजुरीच्या बागेबरोबर ‘आठवड्यातून एकदा, चौथ्या दिवशी, अर्धा तास’ ही पाण्याची पाळीही लिहून दिली आहे. जमिनीचे क्षेत्र तिच्यात किती बार्ली पेरता येईल त्यावरून सांगत. हा मुलूख इसवी सन 106 पर्यंत नबाती राजाचा होता, मग रोमने तो घेतला आणि अरेबिया नावाचा प्रांत केला. राज्य बदलले, कागदावरची लिपी बदलली, बागेच्या शेजाऱ्यांची नावे मात्र तीच राहिली, यहुदी आणि नबाती एकमेकांच्या बांधाला बांध लावून.

वडील शिमोन यांनी 120 साली आपली सगळी मिळकत पत्नी मिर्यमच्या नावे बक्षीस करून दिली, हयातीपर्यंत वहिवाट स्वतःकडे ठेवून. यामागे एक अडचण होती. तोरेच्या, म्हणजे मोशेच्या धर्मशास्त्राच्या, नियमाने मुलगे असताना मुलीला वारसा मिळत नाही आणि विधवेला तर मुळीच नाही. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून जो हक्क मागितला, तो भाऊ नसलेल्या मुलींपुरता. देवाचा नियम मोडायचा नाही आणि लेकीबाळींना उघड्यावरही टाकायचे नाही, तर मरणाआधीच बक्षीस करून टाकायचे, ही वाट त्या गावातल्या बापांनी काढली. शिमोनच्या त्या लांबलचक अरामी दस्तात मध्येच एक कलम येते. मुलगी बाबथा विधवा झाली, तर तिने अंगणातल्या एका खोलीत राहावे, वैधव्य असेपर्यंत. पण त्या खोलीत तिने नवरा आणू नये. हे कलम मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा मला त्या बापाचा राग येतो आणि मग तो ओसरतो. धडधाकट, लग्न झालेल्या मुलीसाठी तिच्या वैधव्याची खोली आधीच राखून ठेवणारा माणूस निष्ठुर नव्हता, त्याने आजूबाजूला पाहिलेले होते.

आणि ती लवकरच विधवा झाली.

पहिल्या नवऱ्याचे नाव येशुआ, मुलाचेही येशुआ. 124 साली पेट्राच्या नगरसभेने या मुलासाठी दोन पालक नेमले: एक यहुदी, योहानान, आणि एक नबाती, अब्दोब्दास. आई जिवंत, आई घरात, मुलगा आईच्या मांडीवर, तरी कायद्याच्या लेखी मूल अनाथ होते, कारण बाप नव्हता आणि आई पालक होऊ शकत नव्हती. बाबथाकडे या नेमणुकीच्या ठरावाची नक्कल होती. हा ठराव पेट्रामध्ये लोकांना पाहण्यासाठी जिथे लावलेला होता, ते अफ्रोदिती देवीचे मंदिर होते. एका यहुदी पोराच्या पालकत्वाचा कागद परक्या देवीच्या दारात लटकत होता, आणि ती बाई तिथून त्याची नक्कल काढून आणून आपल्या लोकरीच्या गुंड्यांजवळ ठेवते. यहुदी माणसाने मूर्तीच्या सावलीलाही उभे राहू नये, अशी जी चित्रे आपल्या मनात असतात, त्यांत हे बसत नाही. पण बाबथाच्या घरात जी श्रद्धा होती ती अशाच ठिकाणांतून वाट काढत चाललेली होती.

पालक मुलाच्या खर्चासाठी महिन्याला दोन दिनार देत. रोमन सैन्यातल्या साध्या शिपायाला त्या काळी वर्षाला 300 दिनार, म्हणजे महिन्याला पंचवीस मिळत. उपाशी मरण्याइतके दोन दिनार कमी नव्हते, पण त्या मुलाच्या बापाने मागे ठेवलेली मिळकत पाहता ती चेष्टा होती. बाबथाने आधी प्रांताच्या राज्यपालाकडे अर्ज केला. मग ऑक्टोबर 125 मध्ये तिने पालकांना राज्यपाल जुलिउस जुलिआनुस याच्या न्यायासनापुढे येण्याची नोटीस बजावली, आणि त्याबरोबर आपले म्हणणे साक्षीदारांसमोर लिहवून ठेवले. तिचे म्हणणे असे: तुम्ही माझ्या पोराच्या पैशावर शंभराला महिना अर्धा दिनार व्याज दाखवता. तोच पैसा माझ्याकडे द्या, मी माझी मिळकत तारण ठेवते, आणि शंभराला दीड दिनार देते. म्हणजे माझा मुलगा थाटात वाढेल, आणि राज्यपालांच्या या मंगल कारकिर्दीचे आभार मानेल. या शेवटच्या वाक्यातली खुशामत लेखनिकाने सुचवली असेल, पण दीड दिनाराचा आकडा त्याने सुचवला असेल असे मला वाटत नाही. तिच्याच पिशवीतल्या दुसऱ्या एका कागदात बाजारातला रूढ दर शंभराला एक दिनार असा आहे. ती त्याच्याही वर गेली. कागदाखाली तिच्या वतीने दुसऱ्याने लिहिले आहे, कारण तिला अक्षरओळख नव्हती. तिच्यासाठी कायदेशीर पालक म्हणून सही करणारा पुरुष होता येहुदा, एन-गेदीचा, तिचा दुसरा नवरा.

मला प्रश्न पडला तो इथे. एवढ्या सगळ्या कागदांत देव कुठे आहे? प्राचीन यहुदी जीवन म्हटले की आपल्याला यरुशलेमचे मंदिर दिसते, होमबली, धूप, वल्हांडणाचा कोकरा. पण बाबथाचा जन्म होईपर्यंत मंदिराची राख झालेली होती. 70 साली रोमनांनी ते जाळले आणि त्यानंतर प्रत्येक यहुद्याने मंदिराला द्यायचे वर्षाचे दोन द्राख्मे रोममधल्या ज्युपिटरच्या नावाने वळवले. याजक उरले होते, पण वेदी नव्हती. मिश्ना, म्हणजे रब्बींच्या नियमांचा संग्रह, अजून ग्रंथरूप घ्यायची होती. या मधल्या काळात धर्म नक्की कोणत्या वस्तूंत राहत होता, हे पुस्तकांपेक्षा त्या गुहेतल्या सामानाने अधिक स्पष्ट सांगितले आहे.

गुहेत कापडाचे पुष्कळ तुकडे सापडले. लोकरीचे वेगळे, तागाचे वेगळे. लोकर आणि ताग एकत्र विणू नये, ही बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली आज्ञा. तपासणी झाली तेव्हा एकाही तुकड्यात त्यांची सरमिसळ निघाली नाही. हजारो टाक्यांत कोणीतरी रोज लक्ष ठेवले होते. काशाच्या भांड्यांपैकी एका थाळीच्या मध्यभागी ग्रीक पुराणातली आकृती कोरलेली आहे, आणि तिचा चेहरा घासून पुसट केलेला आहे. भांडे बहुधा रोमनांकडून आलेले. फेकून देणे परवडणारे नव्हते, म्हणून देवीचे तोंड घासले आणि तिच्यात वाढून घेतले. आणि एक लहान मुलाचा तागाचा सदरा. त्याला जागोजागी कापडाच्या बारक्या पुरचुंड्या करून दोऱ्याने आवळल्या आहेत. आत शिंपले, मिठाचे खडे, बिया. मिश्नेत शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, नियमांमध्ये म्हटले आहे की मुलांनी ‘गाठी’ बांधून बाहेर पडायला हरकत नाही. पंडितांना या गाठी म्हणजे काय याविषयी वाद घालता येत होता, सदरा सापडेपर्यंत. आपल्याकडे बाळाच्या मनगटाला वेखंडाचा मणी बांधतात, त्यातलाच हा प्रकार. त्या आईने मिठाचा खडा बांधताना मनातल्या मनात काय म्हटले असेल ते सांगता येत नाही, पण गाठ किती घट्ट मारली ते दिसते.

बाबथाच्या स्वतःच्या कागदांत धर्म सर्वांत उघड आहे तो तिच्या कतुब्बामध्ये, म्हणजे विवाहपत्रात. अरामी भाषेतल्या या दस्तात येहुदा तिला ‘मोशे आणि यहुद्यांच्या नियमाप्रमाणे’ पत्नी करून घेतो. चारशे झूझ (चांदीची नाणी) तिचे म्हणून बांधून देतो. ती कोणाच्या कैदेत पडली, तर तिला सोडवून आणीन आणि पुन्हा पत्नी म्हणून नांदवीन असे लिहून देतो. मुली झाल्या, तर त्यांची लग्ने होईपर्यंत माझ्या घरात राहतील आणि माझ्या मिळकतीतून खातील. मी मेलो, तर तू माझ्या घरात राहशील आणि तुझे पोट माझ्या मिळकतीतून चालेल, वारस तुझे पैसे तुला चुकते करायला तयार होतील तोपर्यंत. प्रेमाचा उल्लेख कुठेच नाही, आणि तो नसल्याची खंत करण्याचे मला कारण दिसत नाही. कैद, मरण, अनाथ मुली: लग्नाच्या दिवशी नवऱ्याने बायकोसमोर बसून या तीन गोष्टींची नावे घ्यायची आणि प्रत्येकीपुढे काय करणार ते साक्षीदारांसमोर लिहून द्यायचे, हा विधी मला अनेक मंत्रांपेक्षा गंभीर वाटतो. ‘विधवेला व अनाथाला छळू नका’ ही बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातली आज्ञा इथे कलमांच्या रूपाने उतरलेली आहे.

याच बाईने 127 च्या डिसेंबरमध्ये रब्बाथ-मोआब इथे जाऊन रोमन जनगणनेसाठी आपल्या खजुरीच्या चार बागांची नोंद केली, प्रत्येक बागेचे नाव, शेजारी, पेरणीचे माप आणि खजुराच्या जातीनुसार द्यायचा कर सांगितला, आणि अखेरीस सम्राटाच्या भाग्यदेवतेची शपथ घेतली. घोडदळाच्या अधिकाऱ्याने त्या नोंदीवर शेरा मारला. काही अभ्यासकांना ही शपथ खटकते. मला त्यात दांभिकपणा दिसत नाही. बागा वाचवायच्या तर नोंद हवी, नोंदीला शपथ हवी, आणि शपथेचा मजकूर ठरलेला होता. शब्बाथचा दिवा लावणारा आणि सरकारी कागदावर अंगठा उठवणारा हात एकच असतो. बाबथा भाविक होती का, हा प्रश्नच मला आता उपरा वाटतो.

ती सोशिक मात्र नव्हती, आणि तिच्याविषयी लिहिताना तिला सती-सावित्री करण्याचा मोह आवरायला हवा. येहुदाची आधीची बायको होती, एन-गेदीची, तिचेही नाव मिर्यम. येहुदाला बहुधा तिच्यापासूनच एक मुलगी होती, शलोमत्सियोन. 128 च्या फेब्रुवारीत येहुदाने बाबथाकडून तीनशे दिनार ठेव म्हणून घेतले आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्या मुलीचे लग्न लावले, दोनशे दिनारांचे दागिने अंगावर घालून. हे विवाहपत्र ग्रीकमध्ये आहे आणि त्यात नवऱ्याने बायकोला ग्रीक रीतीप्रमाणे खाऊपिऊ घालीन असे कबूल केले आहे: एका पिढीत मोशेचा नियम, पुढच्या पिढीत ग्रीकांची रीत, आणि दोन्ही कागद एकाच पिशवीत. लग्नानंतर अकराव्या दिवशी बापाने तिला एन-गेदीच्या घरातला हिस्सा बक्षीस दिला. सवतीच्या मुलीचे हे सगळे दस्त सावत्र आईने आपल्या कागदांबरोबर जपले. का, ते कळत नाही. त्या मुलीचा तिच्यावर विश्वास होता असे म्हणावे, तर तिच्याच आईशी बाबथाचे पुढे काय झाले ते समोर येते.

130 मध्ये येहुदा मेला. विवाहपत्रातले चारशे झूझ आणि ठेवीचे तीनशे दिनार दोन्ही बुडीत होते. बाबथाने कोणाची वाट पाहिली नाही. तिने नवऱ्याच्या तीन खजुरीबागा ताब्यात घेतल्या आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे उभे पीक विकून टाकले. तिच्याविरुद्ध येहुदाच्या भावाच्या अनाथ मुलांचे पालक उभे राहिले. काल ज्या बाईने आपल्या अनाथ पोराच्या पालकांना न्यायासनासमोर खेचले, तिला आज दुसऱ्या अनाथांचे पालक खेचत होते, आणि त्यांच्या बाजूला देखरेख करणारी म्हणून जुलिया क्रिस्पिना नावाची एक बाईही होती. पुढच्या वर्षी जुलैमध्ये बाबथाने मिर्यमला नोटीस पाठवली: माझ्या आणि तुझ्या मृत नवऱ्याच्या घरातले सगळे तू का उचलून नेलेस? मिर्यमचे उत्तर त्याच कागदावर आहे: माझ्या आणि तुझ्या मृत नवऱ्याच्या मालमत्तेजवळ फिरकू नकोस, असे मी तुला आधीच बजावले होते. दोघींच्या तोंडी तेच शब्द. न्याय कोणाच्या बाजूचा होता हे मी ठरवू शकत नाही. पिशवी बाबथाची सापडली म्हणून आपण तिच्या बाजूला उभे राहतो; मिर्यमची सापडली असती, तर बाबथा आपल्याला बागा बळकावणारी सवत वाटली असती.

हा तंटा निकालात निघण्याआधी 132 साली युद्ध पेटले. शिमोन बर-कोखबाने रोमविरुद्ध बंड केले, आणि एन-गेदीतले त्याचे दोन सरदार होते मसबला आणि बेआयानचा मुलगा येहोनाथान. मिर्यमही बेआयानची मुलगी; ती आणि येहोनाथान भावंडे असावीत असा तर्क आहे. बाबथा महोझा सोडून एन-गेदीकडे आली आणि तिथून गुहेत, ती याच कुटुंबाच्या आधाराने आली असणे शक्य आहे, म्हणजे ज्या सवतीशी कोर्टात भांडली तिच्याच माणसांबरोबर. त्याच गुहेत बर-कोखबाची पत्रेही सापडली. त्यांत दटावणी आहे: तुम्ही इस्राएलाच्या घरातले खाता-पिता आणि आपल्या भावांची पर्वा करत नाही. आणि त्यांतच मंडपांच्या सणाची सोय आहे. मी दोन गाढवे पाठवतो आहे, त्यांच्यावर खजुरीची पाती आणि महाळुंगे लादून पाठवा. मर्टलच्या डहाळ्या आणि वाळुंज दुसरीकडून मागवा. छावणीत माणसे फार आहेत, आणि फळांचा दशमांश काढून मगच ती पाठवा. चारी बाजूंनी रोमन सैन्य येत असताना सेनापती महाळुंगांच्या दशमांशाची काळजी करतो. ती काळजी मला बाबथाच्या दीड दिनाराच्या जातीची वाटते. जग कोसळत असले तरी देण्याघेण्याचा हिशेब बरोबर असला पाहिजे, देवाशी असो वा माणसाशी.

रोमनांनी त्या गुहेच्या वर, कड्याच्या माथ्यावर छावणी टाकली. तिच्या दगडी भिंती अजून दिसतात. खाली उतरायची वाट तिच्या नजरेत होती. गुहेत पुरुष, बाया आणि मुले यांचे सांगाडे सापडले, आणि घरांच्या किल्ल्याही सापडल्या. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांची परंपरा याच्या अगदी उलट आहे. त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि ग्रंथ व सारे सामान समुद्रात गेले, असे ते सांगतात. ग्रंथ गेले तरी शनिवारी तेलाचा घाणा बंद राहिला, आठव्या दिवसाची सुंता राहिली, खवले आणि पंख नसलेला मासा न खाणे राहिले, ‘शेमा’ ही प्रार्थना राहिली, म्हणून ते शनवार तेली. महोझाच्या त्या घराचे मात्र कागदच तेवढे राहिले.

त्या पिशवीतला सर्वांत शेवटचा कागद 19 ऑगस्ट 132 या तारखेचा आहे. यहुदी पालक योहानान याच्या जागी आता त्याचा मुलगा शिमोन आला होता, ज्याला कागदात ‘कुबडा’ म्हटले आहे. त्याच्याकडून बाबथाने मुलाच्या अन्नवस्त्रासाठी तीन महिन्यांचे सहा दिनार घेतल्याची ही पावती. म्हणजे महिन्याला दोनच. आठ वर्षे, राज्यपालाकडे अर्ज, नोटिसा, दुसरे लग्न, दुसरे वैधव्य, सवतीचा तंटा, आणि रक्कम एका नाण्यानेही हललेली नाही. याच पिशवीत ग्रीक भाषेत उतरवलेल्या एका रोमन दाव्याच्या मसुद्याच्या तीन प्रती आहेत: अमुकाने अमुक अनाथाचे पालकत्व केले, त्याने सद्‌भावाने जे काही देणे लागते ते, 2,500 दिनारांच्या मर्यादेत, न्यायाधीशांनी वसूल करून द्यावे. नावांच्या जागी ‘अमुक’ आणि ‘तमुक’ आहे. तिने हे कोरे मसुदेही गुहेत नेले, म्हणजे दावा सोडलेला नव्हता. शंभराला अर्धा दिनार व्याजाने महिना दोन दिनार पडत असतील, तर पालकांकडे मुलाचे मुद्दल चारशे होते. तिच्या दीड दिनाराच्या दराने ते महिना सहा झाले असते. फरक महिन्याला चार दिनारांचा. ऑक्टोबर 125 ते ऑगस्ट 132, ब्याऐंशी महिने, 328 दिनार. तिला लिहिता येत नव्हते, पण हा आकडा तिने कोणाकडून तरी मांडून घेतलेला असणारच.